सात नंबरची होडी

१

जहाजावर सगळे तिला ताई म्हणत. खरं तर ती एकाचीच ताई होती. तिचा धाकटा भाऊ त्याच जहाजावर डेकवर कामाला होता. तो येता-जाता हाक मारायचा, ती ऐकून आधी धुलाईखान्यातल्या बायका, मग स्वयंपाकी, मग साहेबलोकसुद्धा तिला ताई म्हणू लागले. तिचं खरं नाव आता फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं.

धुलाईखाना जहाजाच्या पोटात होता, पाण्याच्या पातळीच्या खाली. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं, दिवसभर नुसता ढीग यायचा आणि जायचा. अकरा वर्षं हे केल्यावर ताईला ओल्याची जात कळायला लागली होती. कापडाला बोट लावून ती सांगायची, हा घाम, हा साबण नीट न निघालेला, हे समुद्राचं. समुद्राचं पाणी वाळलं की कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि शिवणीत पांढरी रेघ राहते.

पण दर शनिवारी दुपारी चार वाजता ती हातातलं काम टाकून वर यायची. त्या दिवशी नवे प्रवासी चढलेले असत, आणि जहाज निघण्याआधी सगळ्यांचा सराव घ्यावा लागे. आग लागली, जहाज कललं, तर कुणी कुठे जमायचं, कुठल्या होडीत बसायचं. जहाजावरच्या प्रत्येक माणसाला रोजच्या कामाखेरीज असं एक संकटाचं काम नेमून दिलेलं असतं. ताईकडे सात नंबरची होडी होती. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की तिच्या यादीतले प्रवासी केशरी जॅकेटं घालून डेकवर, सात नंबरच्या खाली, रांगा करून उभे राहत.

"हे घालून मी फारच जाड दिसते हो," एखादी बाई म्हणायची.

"बाई, ते तरंगायला आहे, मिरवायला नाही," ताई जॅकेटाचा पट्टा आवळत म्हणायची.

"आणि समजा मी तेव्हा बारमध्ये असलो तर?" एखादा हौशी माणूस विचारायचाच.

"तर ग्लास तिथेच ठेवून या. होडीत जागा माणसांपुरतीच आहे."

लोक हसत. ताई यादीवरून माणसं मोजायची, आणि मोजणी जुळली की हात वर करून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात दरवेळी तेच सांगायची, "सराव संपला. आता सावकाश आपापल्या केबिनमध्ये जा. पुन्हा भोंगा झाला की इथेच या."

माणसं पांगत. त्यानंतर ताई एकटीच एक काम करायची. ते नियमात नव्हतं, तिला ती सवय जुन्या साहेबांनी लावली होती. ती नवीन असताना त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता ते केव्हाचे निवृत्त होऊन घरी बसले होते.

होडी कठड्याला लागून दोन जाड तारांवर टांगलेली असे. वरून पूर्ण झाकलेली, अंड्यासारखी. बाजूचं दार उघडून एक पायरी चढली की आत बाकंच बाकं. बाकांवर रंगाने आखलेल्या दीडशे जागा, प्रत्येकीवर नंबर. एक नंबर अगदी मागे, अंधाऱ्या टोकाला. दीडशे नंबर दाराशी. आधी मागचं टोक भरायचं, म्हणजे मागून येणाऱ्यांची वाट अडत नाही.

"रिकाम्या जागा मोजू नका," जुने साहेब म्हणाले होते. "माणूस बसलंय असं समजून हात ठेवा आणि मोठ्याने मोजा. तोंडाने सांगा, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. अशी सवय झाली की खऱ्या वेळी हात थरथरणार नाही."

म्हणून दर शनिवारी ताई त्या रिकाम्या होडीत शिरायची आणि "या, आत या, पुढे सरका" म्हणत एकापासून दीडशेपर्यंत प्रत्येक जागेवर तळवा टेकवत यायची. सहा-सात मिनिटांचं काम. मग दार लावून, हात झटकून खाली धुलाईखान्यात.

त्या शनिवारी एक नंबरवर हात टेकवला तो ओला झाला. दोन, तीन, चार, पाचही ओले. सहा कोरडा.

ताईने बोटं एकमेकांवर घासली. समुद्राचं.

२

"टपावरून गळत असेल," धाकटा म्हणाला.

खलाशांच्या जेवणघरात तो तिच्यासमोर बसला होता. चौतीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप, पण पाव अजून लहानपणीसारखाच दोन्ही हातांनी तोडायचा. होडी पाण्यात सोडली तर ती चालवायचं काम त्याच्याकडे होतं. सात नंबरच. ताईनेच साहेबांच्या हातापाया पडून त्याला आपल्या होडीवर घेतलं होतं. आईला तिने शब्द दिला होता, माझ्या डोळ्यासमोर राहील. आई फोनवर अजून आधी तेच विचारायची, तो जेवतो का गं वेळेवर? तुझ्या भरवशावर पाठवलंय.

"पाऊस कुठे झालाय?" ताई म्हणाली.

"मग लाटेचे तुषार."

"पाचव्या मजल्याच्या उंचीवर? बंद दारातून?"

"ताई, तू पोलिसात जायला हवं होतंस," तो हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने नळी लावून होडीच्या टपावर अर्धा तास पाणी मारलं, आत शिरून कानाकोपरा चाचपला, आणि येऊन सांगितलं, थेंब नाही.

ताईने त्या पाच जागा टॉवेलने पुसल्या होत्या. तो टॉवेल तिने मशीनमध्ये न टाकता दोरीवर टाकला. सकाळी तो पुठ्ठ्यासारखा उभा होता.

असेल काही, ती स्वतःशी म्हणाली. लोखंड रात्री गार पडतं, दिवसा घाम धरतं, त्याला मीठ लागतं. अकरा वर्षांत जहाजावर तिने याहून विचित्र ओल पाहिली होती.

पुढच्या शनिवारी एक ते एकोणीस ओले होते.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्रेचाळीसपर्यंत.

३

गळती असती तर ती आडवीतिडवी पसरली असती. जिथे उतार तिथे साचली असती. ही ओल आखलेल्या चौकटीत राहत होती. प्रत्येक जागेवर एक गोलसर, मधे गडद, कडेला फिकट असा डाग, ओले कपडे घालून कुणी बराच वेळ बसलं की उठल्यावर राहतो तसा. मधली एकही जागा सुटलेली नव्हती. मागच्या टोकापासून, ओळीने, एकमेकांना जागा देत.

चौथ्या शनिवारी ओल एक्याऐंशीपर्यंत आली. त्या दिवशी सदतीस आणि अडतीसच्या मधे, रेघेवरच, ताईला एक लहान डाग दिसला. तळहाताएवढा. आधी तो नव्हता, की होता आणि तिने पाहिला नव्हता, हे तिला सांगता येईना. ती थांबली. एखादं मूल आईच्या मांडीवर बसून कंटाळलं की घसरून मधे बसतं, तसं काहीतरी मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं.

"अडतीस," ती मोठ्याने म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग पुढे जात सवयीने तिच्या तोंडून गेलं, "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या."

मागे बाकं करकरली. एकदम नाही. एकामागून एक, टोकापासून तिच्यापर्यंत, जसे लोक थोडे थोडे सरकतात.

ताई वळली नाही. लाकूड आहे, ती मनात म्हणाली, ओलं झालं की बोलतंच. पण बाकं लाकडाची नव्हती, हेही तिला माहीत होतं. तिने एक्याऐंशीपासून दीडशेपर्यंत सगळ्या जागा मोजल्या, एकही गाळली नाही, आणि बाहेर येऊन दार लावलं. दार लावताना ते आतल्यांना लागू नये अशा बेताने लावलं, हे तिच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं.

४

होड्या दर आठवड्याला हातभर बाहेर झुलवून परत आत घ्यायच्या असतात, यंत्र चालू आहे ना ते बघायला. ते यंत्र मामा चालवत. वय साठीला टेकलेलं, मिश्या पांढऱ्या, तोंड कधी बंद नाही. पाचव्या शनिवारी, होडी परत घेताना मोटर घुमायची ती कण्हायला लागली.

"ताई, काय भरून ठेवलंय हिच्यात? तुमच्या चादरी?" मामा म्हणाले.

"का हो?"

"काटा बघा." यंत्रावर वजनाचं घड्याळ होतं. त्याचा काटा तांबड्या रेघेच्या जरा अलीकडे थरथरत होता. "रिकामी होडी आणि हा एवढा भार? बेकरीतला जाड्या आत झोपलाय की काय!"

मोठे साहेब आले. होड्यांची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती. माणूस कडक, पण सरळ. त्यांनी होडीच्या तळाचं बूच उघडायला लावलं. पाणी साठलं असेल तर तिथून यायला हवं होतं. थेंब आला नाही. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बाकांवरून हात फिरवला, रुमालाला पुसला.

"घड्याळ बिघडलंय," ते म्हणाले. "दोन महिन्यांनी दुरुस्तीला जातोच आहोत. तेव्हा तारांबरोबर हेही बदलू."

सात नंबरच्या तारा जुन्या झाल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तोवर सरावासाठी होडी खाली सोडायची वेळ आली तर आत पाचच माणसं न्यायची, असा लेखी हुकूम होता. आणि ती वेळ आली होती. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक होडी खरोखर पाण्यात सोडून चालवून बघावी लागते. सात नंबरची पाळी पुढच्या रविवारी, सकाळी दहाला, बंदरात. पाच माणसं म्हणजे धाकटा, एक इंजिनवाला, दोन खलाशी आणि बेकरीतला जाड्या.

ताईचं लक्ष होडीच्या दाराकडे गेलं. दाराचा उंबरठा नेहमी डेकच्या पायरीशी बरोबर जुळलेला असे. आज तो चार बोटं खाली होता.

५

"रविवारी पोट दुखतंय म्हण," ताई म्हणाली.

"काय?"

"डॉक्टरकडे जा. दोन दिवसांची सुट्टी लिहून आण. एकदाच ऐक माझं."

धाकट्याने पाव खाली ठेवला. तिने त्याला सगळं सांगितलं, डाग, करकर, काटा, उंबरठा. सांगताना तिचं तिलाच ते पोरकट वाटत होतं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"काट्याचं मलाही बरं वाटत नाही," तो हळूच म्हणाला. "पण ताई, मी नाही गेलो तर होडी थांबणार आहे का? माझ्या जागी दुसरा जाईल. त्यालाही असेलच की कुणी ताई."

ती मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे काटा आणि उंबरठा एवढंच. बाकीचं तिने सांगितलं नाही. ते म्हणाले, "ताई, तारा आठच दिवसांपूर्वी मी स्वतः तपासल्यात. पाच माणसांना काही होत नाही."

पाच माणसांना नाही, ती मनात म्हणाली.

शनिवारचा सराव झाला. ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, तरी मोजणी जुळली. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, माणसं पांगली. मग ती होडीत गेली. त्या दिवशी उंबरठा वीतभर खाली होता, तिला पायरी चढायची नाही, उतरायची झाली.

एकशे चव्वेचाळीसपर्यंत सगळं ओलं होतं. दाराजवळच्या सहा जागा तेवढ्या कोरड्या. पाच होडीच्या माणसांच्या आणि एक, शेवटची, मोजणी करणाऱ्याची.

जुन्या साहेबांनी शिकवलं होतं तसंच. आधी प्रवासी. मग आपण.

ती बाहेर आली तेव्हा डेकवर अजून एक माणूस उभा होता. कानाला यंत्र लावलेले एक आजोबा, अंगात केशरी जॅकेट, हात मांडीशी चिकटवलेले, रांगेतल्या आपल्या खुणेवर ताठ. सगळ्यांना जाऊन दहा मिनिटं झाली होती.

"आजोबा, अहो, तुम्ही अजून इथेच?" ताईने त्यांच्यासमोर जाऊन मोठ्याने विचारलं.

"तुम्ही जा म्हणाला नाहीत," ते म्हणाले.

"म्हणाले की! सगळे गेले."

"यंत्राची बॅटरी गेली होती. सगळे गेले ते दिसलं. पण मला वाटलं, या बाईंनी उभं केलंय, त्याच सोडतील."

ताईला त्या तशातही हसू आलं. तिने त्यांचं जॅकेट सोडवलं, हात धरून त्यांना लिफ्टपर्यंत पोचवलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "संपला सराव. जा आता."

६

रविवारी सकाळी ऊन छान पडलं होतं. बंदरातलं पाणी काचेसारखं सपाट. बरेच प्रवासी शहर बघायला उतरले होते, उरलेले चहाचे कप घेऊन कठड्याशी मजा बघायला उभे होते.

पाचही जण होडीत चढले. धाकटा शेवटी. चढताना त्याने ताईकडे बघून भुवया उडवल्या, लहानपणी झाडावरून उडी मारण्याआधी उडवायचा तशा. मग तो आत पुढच्या उंच खुर्चीवर जाऊन बसला. तार करकरली. मामांनी काट्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"तयार?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काटा तांबड्यावर आहे, साहेब," मामा म्हणाले.

"तो बिघडलाय. तयार?"

ताई पायरीपाशी उभी होती. छातीत धडधड नव्हती, हेच नवल. डोकं उलट फार स्वच्छ झालं होतं. तिला वाटत होतं, आपण काहीतरी विसरलो आहोत. इस्त्री चालू ठेवून आल्यावर वाटतं तसं.

"कालच्यासारखं विसरू नका हं मला," मागून कुणीतरी म्हणालं. ते कालचे आजोबा होते. यंत्रात नवी बॅटरी, हातात कप. "तुम्ही सांगितलं नसतंत तर अजून तिथेच उभा असतो!"

ताई वळून त्यांच्याकडे बघतच राहिली.

अकरा वर्षं. दर शनिवारी ती त्या होडीत गेली होती आणि म्हणाली होती, या, आत या, पुढे सरका. प्रत्येकाच्या जागी हात ठेवून मोजलं होतं. आणि मग दार लावून निघून गेली होती. सराव संपला हे वाक्य ती डेकवर म्हणायची, डेकवरच्यांना. होडीत कुणी नसायचंच, मग कुणाला म्हणणार?

"थांबा," ती म्हणाली. "साहेब, माझी मोजणी राहिलीय."

"ताई, आत पाच माणसं आहेत. मला दिसतायत."

"मी मोजल्याशिवाय सात नंबर हलत नाही. नियम आहे."

नियम खरोखरच होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हात वर केला. मामांनी खटका पक्का केला.

ताई दारातून आत डोकावली. पाच चेहरे तिच्याकडे वळले. त्यांच्यामागे रिकामी बाकं, बाजूच्या लहान चौकोनी खिडक्यांतून आलेले उजेडाचे तुकडे, आणि मागचं काळोखं टोक.

"काय गं ताई?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही पाच जण जागचे हलू नका," ती म्हणाली. मग तिने हात वर केला आणि त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, अकरा वर्षांच्या सवयीने, जसंच्या तसं म्हटलं, "सराव संपला. आता सावकाश आपापल्या केबिनमध्ये जा. पुन्हा भोंगा झाला की इथेच या."

जाड्या फिसकन हसला. इंजिनवाल्याने त्याला कोपर मारलं.

मग कुठेतरी मागे, बाकावर माणसाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची पकड टिककन सुटली. मग दुसरी. मग खूप.

जाड्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं.

मागच्या खिडकीतला उजेड गेला आणि परत आला. मग त्याच्या पुढच्या खिडकीतला. मग त्याच्या पुढच्या. खिडकीसमोरून माणूस गेलं की होतं तसं. ताईने दाराशी बाजूला होऊन वाट दिली आणि हात पुढे केला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उतरवताना ती नेहमी असाच हात देत असे. तिने ठरवून केलं नाही, हात आपसूक गेला.

तिच्या बोटांना काहीतरी लागलं. गार, ओलं, वजन नसलेलं. एक क्षण धरलं आणि सुटलं.

"एक," ताई म्हणाली.

पुन्हा लागलं. "दोन."

तिने वर पाहिलं नाही. नजर उंबरठ्यावर ठेवली. उंबरठा पायरीच्या वीतभर खाली होता. चाळीसच्या सुमाराला तो तीन बोटांनी वर आला. शंभराला जवळजवळ जुळला. सदतिसाव्यानंतर तिच्या हाताला काही न लागता फक्त करंगळीला लागलं, फार लहान, आणि ते सुटायला इतरांपेक्षा जरा जास्त वेळ लागला. ताईने ते वेगळं मोजलं नाही. मांडीवरच्या मुलाला जागा लागत नाही.

मागे डेकवर लोक कप हातात धरून बघत होते. बाई काहीतरी पुटपुटत दारात उभी आहे, एवढंच त्यांना दिसत असावं.

"एकशे चव्वेचाळीस," ताई म्हणाली आणि हात खाली घेतला. हात थरथरला नव्हता.

"साहेब," मामांचा आवाज आला, "काटा खाली आला."

"म्हटलं नव्हतं, बिघडलाय म्हणून," मोठे साहेब म्हणाले. पण ते काट्याकडे बघत नव्हते. ते आपल्या बुटांकडे बघत होते आणि हळूहळू, कुणाला वाट द्यावी तसे, एक पाऊल मागे सरकले होते.

७

होडी खाली गेली, पाण्यात दोन फेऱ्या मारून वर आली. सगळं वीस मिनिटांत आटोपलं. धाकटा उतरला आणि ताईजवळ येऊन उभा राहिला.

"जाताना कुणीतरी माझ्या खांद्याला धरून उठलं," तो म्हणाला. त्याच्या शर्टावर उजव्या खांद्याला चार बोटांची ओल होती.

"दे तो शर्ट, धुऊन देते," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग तिने डेककडे पाहिलं. ओली पावलं असतील हे तिने धरलंच होतं. लहान-मोठी, अनवाणी, एकमेकांना न तुडवता, नीट रांगेत. ती कठड्याकडे गेली असतील, जिथून आली तिकडे, असं तिला वाटलं होतं. पावलं कठड्याकडे गेलेली नव्हती. ती उघड्या दारातून आत, गालिच्याच्या बोळात गेली होती. तिथे ती दोन-दोन, चार-चार अशी फुटून डावी-उजवीकडे वळत होती.

आपापल्या केबिनमध्ये जा, असं तिनेच सांगितलं होतं.

दुपारनंतर धुलाईखान्यात चादरी यायला लागल्या. केबिन आवरणाऱ्या बायका कुरकुरत होत्या. पलंगाची एकच बाजू ओली, म्हणे, तीही जिथे कुणी झोपत नाही ती. एकट्या माणसाच्या केबिनमध्ये दोन टॉवेल वापरलेले. ताईने एका चादरीला बोट लावलं आणि ती मशीनमध्ये टाकली.

धाकटा पाच दिवसांनी करार संपवून घरी गेला. आईने त्याच्याकडून ताईला फोन लावून घेतला आणि स्वतःच बोलली, "आला गं बाई, वाळलाय थोडा. तू कधी येतेस?" ताईचीही पाळी महिन्याभराने संपत होती. तिने ती वाढवून घेतली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवीन माणसाला सात नंबरचं काम समजायला वेळ लागेल.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ती चार वाजता नेहमीसारखी डेकवर उभी राहिली. ऊन होतं. सात छोटे भोंगे झाले, मग एक लांब. बोळातून प्रवासी यायला लागले, जॅकेटाचे पट्टे ओढत, हसत, एकमेकांचे फोटो काढत. यादीत एकशे अडतीस नावं होती. ती सगळी आली. ताईने खुणा केल्या, मोजणी जुळली.

तिने यादीचं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

बोळाचं दार आपोआप मिटणारं होतं. ते मिटत नव्हतं. कुणी बाहेर येताना मागच्यासाठी हाताने धरून ठेवावं, तसं ते उघडंच राहिलं होतं.

"या," ताई म्हणाली, "पुढे सरका. मागच्यांना जागा द्या."